मनगटापासून तीन बोटं

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दालमिल आहे. मार्गशीर्ष-पौषात तिच्या फरशीच्या अंगणात नवी तूर पसरतात आणि दहाच्या सुमारास ऊन वर आलं की तेलपाणी दिलेल्या तुरीचा वास खिडकीतून आत येतो. ओलसर, किंचित तेलकट, कोंड्याचा. लातुरात राहणाऱ्या माणसाला या वासाचं काही वाटत नाही. मलाही वीस-बावीस वर्षं वाटलं नव्हतं. यंदा तो आला तेव्हा मी चहा गाळत होते. कप भरून झाला आणि पाहते तो माझ्या उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर आडवी जाऊन बसलेली. मी काही ठरवलं नव्हतं. चहा निवेपर्यंत तशीच उभी राहिले.

मागच्या पौषात हाच वास होता आणि खिडकीजवळच्या पलंगावर आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. उदगीरला बाजाराच्या मागच्या एका खोलीत तिने तीस वर्षं ब्लाऊज शिवले. भावजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल. मी लग्न केलं नाही की माझं झालं नाही, यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही आक्काचीच होती. पोटात गाठ निघाली तेव्हा ती शिलाईचं मशीन टेम्पोत घालून माझ्याकडे राहायला आली. "दवाखाना चार महिने," म्हणाली, "शिलाई बारमाही." दिवाळी उलटली आणि केमो सुरू झालं.

केमोनंतरचे चार-पाच दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उलटी थांबायची, मळमळ थांबायची नाही. एक हात भिंतीला लावून, पायाशी घमेलं ठेवून आक्का पलंगाच्या कडेवर बसून राहायची. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या माणसासारखी. गाडी येत पण नाही आणि निघून जाताही येत नाही. मी शेजारी उभी असायचे आणि माझ्या दोन हातांचं काय करायचं हे मला कळायचं नाही. पाठीवरून हात फिरवला तर म्हणायची, "नको, हलतंय."

पुस्तकांत राहणारं माणूस अशा वेळी जे करतं ते मी केलं. ग्रंथालयातलं आरोग्याचं कपाट उघडलं. अ‍ॅक्युप्रेशरवरची चार पुस्तकं निघाली, त्यांतली दोन कुणी कधी उघडलेलीच नव्हती. प्रत्येकात तळपायाचा नकाशा होता. एकात मूत्रपिंड तळपायाच्या मधोमध, दुसऱ्यात जरा वर; एकात जठर दोन्ही पायांवर, दुसऱ्यात फक्त डाव्यावर. मी दोन नकाशे शेजारी ठेवून बसले. एकाच मुलखाचे नकाशे होते आणि सीमा जुळत नव्हत्या. कुणावर विश्वास ठेवायचा हे पुस्तकाला विचारायचं तर कोणत्या पुस्तकाला?

मग एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचं शिबिर झालं, त्याला गेले. खुर्च्यांना आदल्या लग्नाचे साटिनचे झगे तसेच होते. शिकवणाऱ्या सरांच्या कॉलरला माइक. "टाळी वाजवा! आणखी जोरात! सगळे पॉइंट जागे होऊ द्या!" आम्ही साठेक माणसं टाळ्या वाजवत होतो. दाराशी लाकडी रोलर आणि चुंबकाचे तळवे मांडलेले. दुसऱ्या दिवशी लेखी परीक्षा झाली. मळमळीचा बिंदू लिहा, असा प्रश्न होता. मी लिहिलं: हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, कातडीखालच्या मधल्या दोन दोऱ्यांच्या बेचक्यात. पैकीच्या पैकी मार्क पडले.

लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन घरी आले तेव्हा आक्का बाहीला अस्तर लावत होती.

"दोन दिवसांत शिकलीस?"

"मूळ तत्त्वं शिकले."

"मला काजाला हात लावू द्यायला मास्तरनं सहा महिने घेतले. तोवर नुसत्या गुंड्या लावून घेतल्या." चष्म्यावरून तिने प्रमाणपत्र पाहिलं. "फोटो बरा आलाय. घे, दाब." आणि एक हात भिंतीला लावून दुसरा पुढे केला.

मी तिच्या मनगटाच्या घडीशी माझी तीन बोटं आडवी ठेवली. जिथे संपली तिथे बॉलपेनने निळा ठिपका काढला. अंगठा टेकवला आणि मनात संथ मोजत दाबत राहिले. आक्काने डोळे मिटले. थोड्या वेळाने भिंतीवरचा हात तिने खाली घेतला.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

एवढे दोन शब्द. त्यांच्यावर मी सगळा मार्गशीर्ष काढला.

रोज सकाळी अंघोळीनंतर ठिपका फिकट व्हायचा, मी तो पुन्हा काढायचे. "एकदाचं गोंदवूनच टाक," ती म्हणायची. कधी मशीनवर बसल्या बसल्या डावा हात माझ्याकडे सोडून द्यायची आणि खिडकीतून मिलचं अंगण बघायची. तिथे बाया वाळत्या तुरीतून अनवाणी चालत असतात, पाय घासत, पायांनी सऱ्या पाडत, म्हणजे खालची तूर वर येते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, परत इकडे, दिवसभर.

"शैले, त्या बायांचे तळपाय बघ. समदे पॉइंट दिवसभर दाबून निघायलेत. अन् ही कस्तूर रोज म्हणती, टाच दुखतीया. विचार की तुझ्या सरांना."

कस्तूरबाई आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते आणि त्याच मिलमध्ये कामाला जाते. तिच्या टाचेचं उत्तर माझ्या चार पुस्तकांत नव्हतं. मी ठिपका दाबत राहिले.

त्याच दिवसांत कधीतरी आक्काने टेप माझ्या बोटांवर आडवी धरली होती. "पंजा बघ हिचा. आपल्या आप्पाचा हात आलाय तुला, गड्याचा." मला वाटलं, नेहमीचा टोमणा. मी हात काढून घेतला होता.

येळवस झाली, म्हणजे मार्गशीर्षातली अवस, आमच्याकडे सगळे शेतात जेवायला जातात ती. त्या दिवशी आम्ही शेतावर गेलो नाही. कस्तूरबाईने भज्जी आणि आंबील घरी आणून दिलं. आक्काने आंबील दोन घोट घेतलं, मग घमेलं मागितलं. त्या दिवशी मी खूप वेळ दाबलं आणि तिने "बरं वाटतंय" म्हणायला जरा उशीर केला. तेवढ्या उशिराने माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण शिकलो ते खरंच शिकलो का?

आमच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रं वाचायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी नांदेडचा पत्ता दिला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर. नोकरीत असताना एका वृद्ध भिक्खूंकडून हे शिकल्या. पाटी नाही, शिबिर नाही. "शिकवतील की नाही सांगता येत नाही," ते म्हणाले. मला त्या वाक्यानेच विश्वास वाटला. का वाटला, ते आज विचारलं तर सांगता येणार नाही. शिकवायला तयार नसणं ही काही गुरूची खूण नव्हे.

रविवारी मिल बंद, म्हणून कस्तूरबाई आक्काजवळ बसायची आणि मी सकाळची नांदेड गाडी धरायची. अहमदपूर, लोहा. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, मध्येच करडईचे काटेरी हिरवे पट्टे, आणि काढून नेलेल्या तुरीची धसकटं. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत चारही पुस्तकं.

सिस्टरचं घर जुन्या नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. दारात तुळतुळीत धुतलेली पायरी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, प्रमाणपत्रही पाहिलं.

"पाठांतर चांगलं हाय तुमचं. आता पुस्तकं तिकडं ठेवा अन् हात धुऊन या."

मी हात धुऊन आले. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी आपला उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"दाबू नका. नुसता धरा."

आमच्या घरात सकाळी इष्टलिंगाची पूजा व्हायची, वचनं म्हटली जायची, आणि माणसं सारी एक असं त्या वचनांत होतं. धुण्याला येणाऱ्या बाईचा कप मात्र गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा. त्या बाईच्या घराच्या दारावर जो निळा झेंडा होता, तोच सिस्टरच्या गच्चीवर होता. अव्वाने, आमच्या आईने, आज मला पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हा विचार आला, आणि आला याचीच लाज वाटली. मग तोही विचार गेला, कारण पाय जड होता. पुस्तकातला पाय कधीच जड नसतो. त्याला तापमान नसतं, नखाशेजारी भोवरी नसते, तो कंटाळून मध्येच हलत नाही. अर्धा तास मी तो धरून बसले.

"काय कळलं?"

"टाचेपेक्षा बोटं गार आहेत."

"एवढं कळायला चार पुस्तकं वाचलात काहून?"

पहिला रविवार असा गेला. दुसराही पाय धरण्यातच गेला, फक्त डावा. परत येताना गाडीत मी वैतागले होते. माझ्याकडे वेळ नव्हता. आक्काकडे तर नव्हताच. चांगला शिक्षक सावकाश शिकवतो हे मला मान्य आहे, मी स्वतः शिक्षकांत वावरलेली आहे. पण आजार सावकाश चालत नसेल तर सावकाश शिकवणारा चांगला की टाळ्या वाजवून दोन दिवसांत मोकळं करणारा? या प्रश्नावर मी लोह्यापासून अहमदपूरपर्यंत विचार केला आणि तो तिथेच राहिला.

तिसऱ्या रविवारी सिस्टरनी हात पुढे केला. "दाखवा तुमचा मळमळीचा बिंदू."

मी त्यांच्या मनगटाशी तीन बोटं ठेवली. त्यांनी माझ्या हातावर हलकी चापट मारली.

"ही बोटं कोणाची?"

"माझी."

"मनगट कोणाचं?"

"तुमचं."

त्यांनी आपल्याच दुसऱ्या हाताची तीन बोटं आपल्या मनगटावर ठेवली. त्यांची बोटं लहान, माझ्या बोटांच्या आत सहज मावतील अशी. ती जिथे संपली ती जागा माझ्या जागेपासून चांगलीच खाली होती.

"ज्याचा हात, त्याचंच माप," सिस्टर म्हणाल्या. "देवानं माप ज्याच्या त्याच्या अंगावर देऊन ठेवलंय. हाव की न्हाई?"

चारही पुस्तकांत 'तीन बोटं' लिहिलं होतं. कुणाची, ते एकातही नव्हतं. सरांनी सांगितलं नव्हतं, आणि साठ माणसांत विचारलंही कुणी नव्हतं. आम्हाला मार्क मिळाले होते.

"सिस्टर, मी महिनाभर चुकीच्या जागी दाबत होते. तिला मग बरं कसं वाटत होतं?"

"वाटत होतं ना?"

"म्हणत होती तसं."

"मग मला काहून विचारता? तिला विचारा. अन् एक ध्यानात ठेवा, यानं गाठ जात न्हाई. गोळी एकही चुकवायची न्हाई. बसा, चहा ठेवते."

त्या दिवशी गाडीत मी बाहेर पाहिलंच नाही. आक्का शिंपीण. तिच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या बाईचा ब्लाऊज मापाला घेऊन आलं तर ती परत पाठवायची. "आंग आणा," म्हणायची, "कापड नको." अर्ध्या इंचात ब्लाऊज बसतो न्हाईतर उसवतो, हे तिचं रोजचं वाक्य. तीस वर्षं माणसांच्या अंगावरून माप घेणाऱ्या बाईला आपल्या मनगटावर दुसऱ्याची बोटं ठेवली जाताना काही वाटलं नसेल?

घरी पोचले तर कस्तूरबाई आणि आक्का कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर हसत होत्या. मी हात धुतले, आक्काचा डावा हात घेतला आणि तिच्याच उजव्या हाताची तीन बोटं त्यावर ठेवली. ती किती बारीक झाली होती ते तेव्हा दिसलं. नव्या जागी ठिपका काढला आणि दाबलं. जुना ठिपका अर्धा इंच वर तसाच होता.

आक्का दोन्ही ठिपक्यांकडे बघत राहिली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"जरा खालीच दाबायलीस आज," ती म्हणाली. "कालचीच जागा बरी होती."

मी काय करायला हवं होतं? सिस्टरनी सांगितलं होतं, तिला विचारा. विचारायला मी तोंड उघडलंही होतं. आक्का, खरं सांग, तुला आधी खरंच बरं वाटायचं का? पण मग तिचं उत्तर 'नाही' आलं असतं तर महिन्याभराचे ते सगळे 'बरं वाटतंय' एकदम हातातून गेले असते, आणि 'हो' आलं असतं तर सिस्टरचं शास्त्र गेलं असतं. मी अंगठा अर्धा इंच वर सरकवला. मग अपराधी वाटलं म्हणून परत खाली आणला. शेवटी दोन्ही ठिपके आळीपाळीने दाबत बसले. आक्का म्हणाली, "एका जागी ठर की गं, पाहुणी आल्यासारखी काय करायलीस?"

चौथ्या रविवारी मी नांदेडला गेले नाही. पाचव्याही नाही. त्यानंतर जाण्यासारखं काही उरलं नाही. फाल्गुनात, भर दुपारी, मशीनवर ओढणी टाकलेली असताना आक्का गेली. त्या आठवड्यात मळमळ नव्हती, अन्नच नव्हतं. माझा हात तिच्या मनगटावर होता, पण मी दाबत नव्हते. नुसता धरला होता.

तिची माप-वही मी उन्हाळ्यात उघडली. लांबट, कळकट, कडेला टाचणीने अडकवलेले कापडाचे नमुने. शेवटची नोंद कस्तूरबाईची: छाती, बाही, मागचा गळा, आणि पुढे 'येळवसच्या आत'. तिच्या वरच्या ओळीत, त्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शैला, तीन बोटं, सव्वादोन. मी, पावणेदोन.' बाकी काही नाही.

म्हणजे येळवसच्या आधीच तिला ठाऊक होतं. मी नांदेडची गाडी धरायच्याही आधी. तिने टेप लावून मोजलं होतं, फरक किती ते काढलं होतं, जसा ती बाहीतला फरक काढायची, आणि वही मिटून हात पुन्हा माझ्याकडे दिला होता.

का, हे मला कळत नाही. मी या ओळीकडे उन्हाळाभर बघितलं, पावसाळाभर बघितलं. माझं मन राखायला ती खोटं बोलत होती का? मग मी तिला महिनाभर काहीच दिलं नाही, उलट तिनेच मला दिलं, आणि तेही आजारपणात. की तिला खरंच बरं वाटत होतं, नि चुकीची जागा आहे हे कळूनही वाटत होतं? मग मोजलं कशाला? कधी वाटतं, ती फक्त शिंपीण होती. माप दिसलं की लिहून ठेवायचं, एवढंच. दसऱ्याच्या सुमारास मी एकदा नांदेडला गेलेही. सिस्टरपुढे वही उघडून ठेवली. त्यांनी ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला न्हाई सांगता येत, बाई." आजवर मला काही शिकवणाऱ्यांपैकी एवढं सरळ कुणी बोललेलं नव्हतं. पण त्याने माझा गोंधळ कमी झाला असं नाही.

आणि आता पुन्हा पौष. चहा निवून गेला त्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत, कस्तूरबाई दारात आली. केसांत तुरीचा कोंडा, अंगात आक्काने शिवलेला शेवटचा ब्लाऊज.

"बाई, तुमी आक्काचं मनगट दाबत व्हता न्हवं? आमच्या सासूला तसलंच इंजेक्शन सुरू झालंय. लई मळमळतंय म्हातारीला. मला दावा की."

मी म्हणाले, मला नीट येत नाही. मी म्हणाले, मी तीनच रविवार शिकले, त्यातले दोन नुसता पाय धरून. सिस्टरचा पत्ता देते, म्हणाले.

"नांदेडला कवा जाऊ मी? मिल चालू झाली, अन् ऐतवारी म्हातारीला कोण बघंल? तुमी काय करत व्हता तेवढंच दावा."

मी काय करत होते तेवढंच. नेमकं तेच तर मला माहीत नव्हतं. पण ती दारातून हलेना. मी तिला हात धुवायला सांगितलं आणि पलंगावर, खिडकीजवळ बसवलं. माझा डावा हात तिच्यापुढे धरला. गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे आधी सांगितलं. मग सांगितलं: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं.

कस्तूरबाईने आपली तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. तिची, माझी नव्हेत. खरखरीत, उन्हात तापलेली बोटं. तिने अंगठा टेकवला आणि दाबलं. जागा चुकलेली होती. मला ती चुकलेली दिसत होती, सांगायला शब्दही तयार होते. ती मान खाली घालून मनात काहीतरी मोजत होती. ओठ हलत होते.

"कसं वाटतंय, बाई?"

"बरं वाटतंय," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर मी दचकले. मग सिस्टरसारखीच तिच्या हातावर हलकी चापट मारून सांगितलं, "कस्तूर, जागा चुकली. आपली बोटं नाही ठेवायची. ज्याचा हात, त्याचीच बोटं. सासूच्या हाताला सासूची. आता माझी घे."

तिने मान वर केली. "मंग आधी बरं वाटतंय का म्हणलात?"

वर्षभर जो प्रश्न मला विचारता आला नव्हता, तो तिने असा सहज विचारला. बाहेर अंगणात बाया पुन्हा तुरीत उतरत होत्या, कुणीतरी कस्तूरला हाक मारत होतं. तिचा अंगठा अजून त्या चुकीच्याच जागी होता, आणि तो तिने इतक्यात उचलू नये असं मला वाटत होतं.